निश्चलतेचे वादन
आल्विन लूसिए यांच्या १९६५ मधील ‘म्यूझिक फॉर सोलो परफॉर्मर’ या रचनेस विचारांचे संगीत म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे. वादक डोळे मिटून स्वस्थ बसतो. मस्तकावरील विद्युदग्रे मेंदूतील आल्फा लहरी टिपतात. सेकंदास सुमारे १० कंपनांच्या या लहरी कानास अगोचर. परंतु प्रवर्धित होऊन ध्वनिक्षेपकांवाटे त्या जवळची तालवाद्ये थरथरवितात. डोळे उघडले, वा मन कशात गुंतले, की लहरी क्षीण होतात आणि नाद विरतो. म्हणजे येथे विचार हाच वर्ज्य स्वर! यंत्राचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण कस लागतो तो बसणाऱ्याचा. समोर श्रोते, वाद्ये मुकी, आणि ती वाजावीत ही इच्छाही धरावयाची नाही. रिकामे बसण्याचा लौकिक असलेल्या आम्हां कारकुनांसही हे साधणार नाही.