गिफ्ट: देण्याचे तीन अर्थ

जी, आय, एफ, टी. इंग्रजीत ही चार अक्षरं म्हणजे भेटवस्तू. जर्मनीत तीच एखाद्या बाटलीवर दिसली तर आत विष आहे. स्वीडन, डेन्मार्क आणि नॉर्वेत त्यांचा अर्थ विष होतो आणि विवाहितही. दोन भाषांत योगायोगाने सारखे दिसणारे शब्द पुष्कळ सापडतात, पण हा त्यांतला नव्हे. तिन्ही अर्थ ‘देणे’ या एकाच क्रियापदाचे वंशज आहेत. मला तो इतका आवडतो तो यासाठीच.

लग्नाचा अर्थ मराठी माणसाला फोडून सांगावा लागत नाही. ‘मुलगी कुठे दिली?’ असं आपण आजही विचारतो. स्वीडिश ‘यिफ्ट’ (तिकडे या शब्दातल्या ‘ग’चा उच्चार ‘य’ होतो) म्हणजे मुळात अशीच दिलेली मुलगी. आता मात्र तिथे नवराही ‘यिफ्ट’ असतो. मुलगी देणारा बाप त्या शब्दातून केव्हाच निघून गेला, आणि ते फार छान झालं. जुन्या इंग्रजीतही हा शब्द वधूमूल्याचा होता, अनेकवचनात तर थेट लग्नाचा.

विषापर्यंतची वाट वैद्यांच्या घरावरून जाते. रोग्याला द्यायच्या औषधाला ग्रीक वैद्य ‘दोसिस’ म्हणत, म्हणजे देणं. आपला ‘डोस’ तिथलाच. लॅटिनमधून तो जर्मनांपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी त्या अर्थासाठी आपला घरचा ‘गिफ्ट’ योजला. आधी औषधाची मात्रा, मग जिवावर बेतणारी मात्रा, शेवटी नुसतं विष. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने मात्रेवरच विष ठरतं हे जर्मनमध्ये मांडलं, तेव्हा ‘गिफ्ट’ आणि ‘दोसिस’ एकाच वाक्यात आले. एकाच अर्थाचे दोन शब्द, आणि त्यांतला एक दुसऱ्याचा निवाडा करतो आहे!

जुना अर्थ जर्मनमध्ये अजून तग धरून आहे तो ‘मिटगिफ्ट’मध्ये, म्हणजे हुंड्यात. विष नपुंसकलिंगी, हुंडा स्त्रीलिंगी.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२४ मध्ये ‘गिफ्ट, गिफ्ट’ नावाचा छोटा निबंध लिहिला. प्राचीन जर्मॅनिक समाजात पेय देणं ही भेटीची ठरलेली रीत होती, आणि पेल्यात काय कालवलंय ते पिणाऱ्याला आधी कळत नसे, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. व्युत्पत्ती म्हणून मला वैद्यांचीच वाट भक्कम वाटते. पण घेतलेली भेट घेणाऱ्याला बांधून टाकते, हे मॉस यांचं म्हणणं ‘मिटगिफ्ट’ला जितकं चपखल लागू पडतं तितकं दुसऱ्या कशालाच नाही.