पात्ररचना आणि पात्रधारणा : मेलट्टूरच्या निमित्ताने

‘सिटी ऑफ हीरोज’ (२००४) या महाजालीय खेळात शक्तीचा उगम, वर्ग, वेश व नाव निवडून खेळाडू स्वतःचा महानायक घडवीत असे. दीर्घ खेळातून हे पात्र ५०व्या पातळीपर्यंत वाढे. २०१२ मध्ये कंपनीने खेळ बंद केला आणि वर्षानुवर्षे जोपासलेले नायक एकाएकी निराधार झाले.

तंजावूर जिल्ह्यातील मेलट्टूरच्या भागवत मेळ्यात याची दुसरी बाजू आढळते. मराठा राजवटीच्या उत्तरकाळात वेंकटराम शास्त्रींनी तेलुगूत रचलेल्या ‘प्रह्लादचरित्रमु’तील नृसिंह नट निर्माण करीत नाही, धारण करतो. त्याचा मुखवटा पूजनीय असतो. तो चढविण्यापूर्वी नट उपवास करतो. नट बदलतो, नृसिंह राहतो.

मात्र हा भेद केवळ ‘स्वातंत्र्य विरुद्ध परंपरा’ असा नाही. खेळातील वर्गही आधीच ठरलेले होते आणि मेळ्यातील नटही दीर्घ सरावाने भूमिकेला स्वतःचे वळण देतो. खरा प्रश्न पात्र सांभाळते कोण, हा आहे. मेलट्टूरला ते गावाच्या स्मृतीने सांभाळले. पण त्याची किंमत म्हणून स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषांकडेच राहिल्या. खेळात प्रवेश पैसे भरणाऱ्या कोणालाही होता, स्वामित्व मात्र कंपनीचे. पुढे चाहत्यांनी हा खेळ पुन्हा उभा केला व २०२४ मध्ये त्यांच्या एका गटाला अधिकृत परवाना मिळाला. म्हणजे स्वनिर्मित नायकालाही टिकण्यासाठी अखेर मेळाच लागला.