जादूटोणाविषयक अधिनियमाची शब्दयोजना : एक चिकित्सा

बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंब्याजवळ वसलेले कपिलधार हे क्षेत्र वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांच्या संजीवन समाधीमुळे सर्वश्रुत आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस मराठवाड्यातून तशाच कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येथे येतात. 'परमरहस्य'कर्त्याच्या या स्थानी शिवाच्या पंचमुखांचा विषय निघाला म्हणजे सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष व ईशान ही नावे ओघानेच येतात. 'अघोर' म्हणजे जे घोर नव्हे ते. अर्थात सौम्य, कल्याणकारी. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१३ साली संमत केलेल्या एका फौजदारी अधिनियमाच्या नावात मात्र याच शब्दापासून सिद्ध झालेले 'अघोरी' हे विशेषण 'अमानुष' आणि 'अनिष्ट' यांच्या पंक्तीस बसलेले दिसते. समाधीपुढे जो शब्द वंदनीय, तोच गावच्या ठाण्यातील फिर्यादीत दंडनीय ठरावा, हा योग भाषाभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे.

यात अधिनियमकर्त्यांचा दोष फारसा नाही. स्मशानसाधना करणाऱ्या पंथाविषयीच्या भीतीमुळे 'अघोरी' या शब्दास 'भयंकर, क्रूर' असा अर्थ मराठीत केव्हाच चिकटला असून 'अघोरी उपाय', 'अघोरी शिक्षा' हे प्रयोग सर्वांच्या तोंडी आहेत. लोकांनी उलटा केलेला अर्थ विधिमंडळाने तसाच उचलला, एवढेच. परंतु बोलण्यातील शब्द आणि ज्याच्या आधाराने माणसास तुरुंगात धाडावयाचे तो शब्द, यांना एकच माप लावता येत नाही. त्या दृष्टीने या अधिनियमाची शब्दयोजना बारकाईने तपासली पाहिजे.

अधिनियमाचे पूर्ण नाव 'महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम' असे लांबलचक आहे. त्याची जन्मकथाही तितकीच लांबलेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा कायद्याचा आग्रह दीर्घकाळ धरला. २००५ साली विधानसभेने मंजूर केलेला मसुदा विधान परिषदेत अडला. पुढे मसुदे बदलत गेले, कलमे गळत गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच राज्यपालांनी अध्यादेश काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. ज्या 'अंधश्रद्धा' शब्दाभोवती चळवळ उभी राहिली, तो शब्द मात्र अधिनियमाच्या नावात नाही. श्रद्धा कोठे संपते व अंधश्रद्धा कोठे सुरू होते, हे न्यायालयात सांगणे दुष्कर आहे. तेव्हा त्याचे वगळले जाणे योग्यच होय. प्रश्न आहे तो त्याच्या जागी आलेल्या शब्दांचा.

'जादूटोणा' हा समानार्थी पदांचा जोडशब्द आहे. फारसी 'जादू' आणि देशी 'टोणा' यांची जोडी 'कागदपत्र', 'धनदौलत', 'बाजारहाट' यांच्याच धाटणीची. अशा जोडशब्दांचा गुण असा की, ते वस्तूची व्याख्या करीत नाहीत. वस्तू सर्वांस ठाऊक आहे असे गृहीत धरून तिचा पसारा तेवढा सूचित करतात. इंग्रजी नावात 'जादूटोणा'साठी 'ब्लॅक मॅजिक' योजिले असल्याने जणू काळ्याखेरीज दुसरी एखादी पांढरी जादूही असून ती निषिद्ध नाही, असा भास होतो. मराठी शब्दात तो भेद नाही. 'अघोरी'ला तर इंग्रजीतही प्रतिशब्द न सापडल्याने तो जसाच्या तसा ठेवावा लागला आहे. अधिक मौज 'उच्चाटन' या शब्दाची. तंत्रग्रंथांतील षट्कर्मांत मारण, मोहन, स्तंभन, विद्वेषण व वशीकरण यांच्या जोडीने येते ते उच्चाटन. म्हणजे मांत्रिकाच्या पोतडीतील एक कर्म मांत्रिकावरच योजिले गेले! व्यवहारात 'उच्चाटन' म्हणजे 'नाहीसे करणे' हे खरे; पण 'निर्मूलन' हा रुळलेला शब्द हाताशी असता 'समूळ' हे विशेषण जोडून 'उच्चाटन' घेण्याचे प्रयोजन कळत नाही.

हे सर्व वरवरचे वाटेल. खरी अडचण वाक्यार्थात आहे. 'जादूटोण्यास प्रतिबंध' असे म्हणताच जादूटोणा नावाचे काही अस्तित्वात आहे, हे वाक्याच्या पोटात गृहीत धरले जाते. जे नाही त्याला बंदी कोण घालील? गावातील एखाद्या विधवेवर करणीचा आळ घेणाऱ्यास अधिनियमाचे हे नाव ऐकून असे म्हणता येते की, सरकारनेसुद्धा करणी मानली आहे, म्हणून तर कायदा केला. इंग्लंडमध्ये नेमक्या याच गाठीची उकल १७३५ च्या कायद्याने केली होती. त्यापूर्वीचा १६०४ चा कायदा चेटूक करणारास शिक्षा देई. १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच राहिला नाही आणि चेटूक करता येते असे सोंग करणारा दंडास पात्र ठरला. तोही १९५१ साली रद्द होऊन त्याच्या जागी लबाड माध्यमांविषयीचा कायदा आला. आपल्याकडे छत्तीसगढ राज्याने २००५ साली केलेल्या कायद्याचे नाव 'टोनही प्रताडना निवारण' असे आहे. निवारण प्रताडनेचे, टोनहीचे नव्हे. आणि टोनही म्हणजे इतरांनी तशी म्हणून दाखविलेली व्यक्ती, अशी व्याख्याही त्यात आहे. महाराष्ट्राच्या अधिनियमाला हे साधले असते तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

आणि तरीही नाव बाजूस सारून अनुसूचीकडे वळले असता वेगळाच अनुभव येतो. अधिनियमाची व्याख्या अनुसूचीतील बारा कृत्यांवरच सर्वस्वी विसंबलेली आहे. नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा म्हणजे काय, तर अनुसूचीत सांगितलेली कृत्ये करणे वा करविणे. या बारा कृत्यांचे लेखन करणाराचा हात मात्र फार सावध होता. करणी, भानामती, चेटूक, जारण-मारण, देवदेवस्की हे शब्द त्यात येतात, परंतु सहसा दुसऱ्याच्या तोंडचे म्हणून येतात. पहिल्याच कृत्यात भूत उतरविण्याच्या 'बहाण्याने' माणसास दोराने वा साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे इत्यादी प्रकार मोजले आहेत. पुढे कोठे 'नावाने', कोठे 'भासवून' अशी योजना आहे. भूत आहे की नाही यावर अधिनियम एक अक्षर बोलत नाही. माणसाने माणसास काय केले एवढेच तो पाहतो. उर्दू ही निजामी राजवटीत न्यायालयांची भाषा असल्यामुळे बीड जिल्ह्यातील वृद्धांना 'बहाणा' हा शब्द फिर्याद, जामीन, गुन्हा यांच्याइतकाच परिचित.

पण 'बहाणा', 'नाव' आणि 'भास' हे तीन शब्द एकमेकांच्या बदली चालणारे नाहीत. बहाणा करणारास आपले म्हणणे खोटे आहे हे माहीत असते. मग जो भगत स्वतःच भुतावर मनापासून विश्वास ठेवतो आणि त्याच विश्वासाने रोग्यास डागण्या देतो, त्याने बहाणा केला काय? बचावाच्या वकिलास येथे एक फट सापडते. 'नावाने' या प्रयोगात ती फट नाही. कारण नाव घेणाराच्या मनात काय होते याची तेथे चौकशी नको. कुत्रा, साप वा विंचू चावला असता वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करण्याविषयीचे नववे कृत्य याहून निर्दोष आहे. तेथे कृत्याचेच वर्णन आहे, हेतूचे नाही. पहिल्या कृत्यासही हाच साचा लाभला असता तर बरे झाले असते.

अनुसूचीचा प्राण सहाव्या कृत्यात आहे. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने दुभत्या जनावरांचे दूध आटविते, रोगराई आणते, असे जाहीर करून तिचे जगणे दुःसह करणे हे ते कृत्य. मराठीत 'करणी' हा मुळात निरपराध शब्द आहे. 'देवाची करणी आणि नारळात पाणी' या म्हणीत तो अद्भुताचे कौतुक करतो. 'कथनी आणि करणी' या जोडीत आचरणाची कसोटी होतो. 'कोणावर तरी करणी करणे' अशी विभक्ती व क्रियापद मिळताच तो विषारी बनतो. भानामतीचेही तसेच. घरात आपोआप आग लागणे, दगड पडणे, अंगावर फुल्या उमटणे यांस मराठवाड्यात व लगतच्या कानडी-तेलुगू मुलखात हे नाव आहे. आणि नाव पडले की ते करणाऱ्याचा शोध सुरू होतो. हा शोध बहुधा एकट्या, निराधार स्त्रीच्या दारी येऊन थांबतो. 'ती करते' एवढे दोन शब्दांचे वाक्य पारावर उच्चारले जाणे हीच येथे कृती होय. दुसऱ्या दिवसापासून तिला पाणवठ्यावर वाट मिळत नाही, दुकानात जिन्नस मिळत नाही. बोलणे हेच इजा करणे असू शकते, हे सर्वसाधारण दंडसंहितेत अब्रुनुकसानीपलीकडे ज्याला नाव नव्हते ते सत्य, या कृत्याच्या रूपाने कायद्यात आले.

दुर्दैवाने येथेच एक शेपूट जोडले गेले आहे. जगणे दुःसह झाले, हे सिद्ध व्हावे लागते. उच्चार आणि परिणाम यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यात संरक्षणाची खरी गरज असते. परिणाम झाल्यावर सातवे कृत्य, म्हणजे मारहाण, धिंड, नित्यव्यवहारास बंदी हे आहेच. आळ घेणे हाच स्वतंत्र व सौम्य दंडाचा गुन्हा ठरविला तर गावातला पहिला उच्चारच अडविता येईल.

मात्र दंड सौम्य-कठोर करण्यास अधिनियमात जागाच नाही. बाराही कृत्यांस एकच शिक्षा आहे: कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. नरबळीचा प्रयत्न आणि बोटांनी शस्त्रक्रिया केल्याचा दावा एकाच ताजव्यात! खुनास सर्वसाधारण संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत, याहून मोठी शिक्षा आहे. तेव्हा भयानक कृत्यांपुरती ही सात वर्षांची मर्यादा निरुपयोगी आणि किरकोळ कृत्यांपुरते सहा महिन्यांचे किमान जाचक ठरते. शीर्षकात 'नरबळी आणि इतर' असे म्हणून पहिल्या शब्दाची भयानकता उरलेल्या साऱ्यांवर पसरविली गेली, त्याचीच ही परिणती म्हणावयाची.

बारावे कलम सवलतींचे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, नवस, कान-नाक टोचणे, जैनांचे केशलोचन, वास्तुशास्त्राचा व ज्योतिषाचा सल्ला, नंदीबैलवाले, ही सर्व त्यात सुरक्षित आहेत. वारकऱ्यांच्या व इतरांच्या आक्षेपांना उत्तर म्हणून ही यादी वाढत गेली. वस्तुतः अनुसूचीत नसलेले कृत्य गुन्हा होतच नव्हते. तेव्हा ही यादी कायद्यापेक्षा धीर देण्यासाठी लिहिलेली आहे. तिच्यात हयात नसलेल्या संतांचे चमत्कार सांगण्यास मोकळीक आहे. कपिलधारच्या यात्रेकरूने यावर काय म्हणावे? त्याच्या लेखी समाधी 'संजीवन' आहे आणि वीरशैव परिभाषेत देह ठेवणे म्हणजे 'लिंगैक्य'. मरणाचा शब्दच तेथे नाही. कायद्याला मात्र मृत आणि जिवंत यांच्यातील रेघ हवी आहे, कारण त्याला भीती आहे ती जिवंत बुवाची. रेघ योग्य जागी आहे. फक्त भक्ताच्या भाषेत ती उतरत नाही.

याच कलमात भूगर्भातील पाण्याविषयी सल्ला देणाराही सुटतो. चौथ्या कृत्यात पाण्याच्या शोधासाठी करणी-भानामतीच्या नावाने केलेले अमानुष प्रकार दंडनीय आहेत आणि बाराव्या कलमात पाणाड्या निर्दोष. बीडसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात विहीर खणण्यापूर्वी नारळ वा काटकी घेऊन शेतात फिरणारा पाणाड्या कोणास नवा नाही. तो या दोन्ही कलमांच्या मधून चालतो, आणि त्याच्या हातातील नारळ हा सल्ला आहे की बहाणा, हे पाणी लागेपर्यंत शेतकऱ्यासही सांगता येत नाही.