आस्वादापूर्वीचे परीक्षण

चित्रपट पाहण्यापूर्वी त्याचे परीक्षण वाचावे की वाचू नये, हा प्रश्न वरकरणी प्रेक्षकाच्या सवयीपुरता वाटतो. २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीसारख्या उपनगरातील एखादे कुटुंब रविवारचा चित्रपट ठरवताना वृत्तपत्रातील परीक्षणाकडे वळते, ते वेळ आणि पैसा वाया जाऊ नये एवढ्याचसाठी. या व्यवहारात गैर काही नाही. मात्र या प्रश्नाच्या मुळाशी आस्वादमीमांसेतील एक जुना पेच आहे. कलाकृतीविषयीचे पूर्वज्ञान आस्वादाला पोषक ठरते की मारक, हा तो पेच होय.

‘वाचू नये’ असे म्हणणाऱ्यांची भूमिका एका गृहीतावर उभी असते. परीक्षण न वाचलेला प्रेक्षक कोऱ्या मनाने चित्रपटगृहात येतो, हे ते गृहीत. ते टिकणारे नाही. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. जाहिरात, गाणी, नटांची प्रतिमा, दिग्दर्शकाचे आधीचे चित्रपट या सर्वांनी प्रेक्षकाचे क्षितिज आधीच आखलेले असते. परीक्षण टाळल्याने मन कोरे राहत नाही. ते केवळ जाहिरातीच्या स्वाधीन होते.

पूर्वज्ञान म्हणजे कथानकाचे ज्ञान, असा अर्थ घेतला तरी ते सरसकट मारक ठरत नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्यांना हरिश्चंद्राची कथा ठाऊक होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पाहणाऱ्या अनेकांना शकुंतलेचे पुढे काय होणार, हे सांगावे लागत नव्हते. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना तर प्रख्यात वस्तूचा स्वीकार हा विघ्ननिवारणाचाच एक उपाय मानला आहे. परिचित नायकामुळे घटनेच्या संभाव्यतेविषयी शंका उरत नाही. पूर्वरंग आणि प्रस्तावना यांनाही तो असेच कार्य नेमून देतो. प्रयोगापूर्वी प्रेक्षकाला सिद्ध करणारी व्यवस्था आपल्या परंपरेत परकी नव्हे.

तथापि, प्रख्यात वस्तूला लागू पडणारा न्याय उत्पाद्य वस्तूला जसाच्या तसा लावता येत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हे याचे ठळक उदाहरण. अजय-अतुल यांच्या संगीताने आणि पूर्वार्धातील उत्फुल्ल दृश्यांनी हा चित्रपट प्रेमकथेचे क्षितिज स्वतःच उभे करतो. उत्तरार्धात संसाराच्या कष्टांतून वाट काढत प्रेक्षक आर्ची-परश्याच्या स्थिर घरापर्यंत पोहोचतो, आणि त्याच घरात त्यांची हत्या होते. अखेरच्या नीरवतेत लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांखेरीज काहीही उरत नाही. येथे शेवट ही केवळ घटना नाही. प्रेक्षकाने इतका वेळ ज्या स्वप्नाला संमती दिली, त्या संमतीचीच ती झडती आहे. हा शेवट आधी सांगणारे परीक्षण कथानकाचा एक तुकडा उघड करते एवढेच नव्हे. ते प्रेक्षकाला त्या झडतीतून सोडवते. ‘फँड्री’मधील (२०१३) जब्याने भिरकावलेला दगडही असाच आहे. तो येणार हे ज्याला माहीत आहे, तो प्रेक्षक दगड लागण्यापूर्वीच जमावातून बाजूला सरकलेला असतो.

याउलट स्थिती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ची (२०१४). हिंदी चित्रपटांनी रुजवलेल्या न्यायालयीन नाट्याची अपेक्षा घेऊन आलेल्या प्रेक्षकाला येथील स्थिर कॅमेरा, पुढे ढकलल्या जाणाऱ्या तारखा आणि वकिलांच्या घरगुती जीवनाचे तपशील संथ, निष्कारण वाटण्याचा संभव असतो. संथपणा हाच या चित्रपटाचा युक्तिवाद आहे, शाहीर नारायण कांबळे यांना होणारी शिक्षा निकालात नसून प्रक्रियेतच आहे, हे सुचवणारे परीक्षण आस्वाद हिरावून घेत नाही. ते आस्वादाची वाट मोकळी करते. अभिनवगुप्ताच्या परिभाषेचा सैल आधार घ्यायचा तर, प्रतीतीच्या उपायांतील वैकल्य ते दूर करते.

या दोन्हींहून अधिक घातक असे पूर्वज्ञान तिसरेच आहे. ते म्हणजे उसना निर्णय. चित्रपटाला किती तारे मिळाले, हे आधी कळलेला प्रेक्षक चित्रपट पाहत असताना परीक्षकाशी आपले जुळते की नाही, हेच ताडून पाहत बसतो. काण्टच्या मते अभिरुचीचा निर्णय स्वायत्त असतो. शंभर जणांनी सुंदर म्हटले म्हणून एखादी वस्तू कोणाला सुंदर वाटू लागत नाही. उसना निर्णय त्यामुळे सौंदर्यनिर्णय ठरतच नाही. ती केवळ इतरांच्या अनुभवाची वार्ता असते. कथानक कळूनही अनुभव शिल्लक राहू शकतो. निर्णय मात्र अनुभवाची जागाच बळकावतो. शिवाय पहिल्या काही दिवसांतील प्रतिसादावर ज्यांचे चित्रपटगृहातील आयुष्य अवलंबून असते, त्या छोट्या मराठी चित्रपटांच्या बाबतीत अशा उसन्या निर्णयाचा परिणाम एका प्रेक्षकापुरता मर्यादित राहत नाही. चित्रपट पाहिलाच जात नाही, आणि निर्णय तपासून घेण्याची संधीही त्याबरोबर संपते.

म्हणून ‘वाचावे की वाचू नये’ या प्रश्नाची फेरमांडणी आवश्यक ठरते. आस्वादापूर्वीच्या लेखनाने उपाय द्यावेत, फल देऊ नये. चित्रपटाची जात, त्याची गती, त्याची परंपरा आणि तो प्रेक्षकाकडून करत असलेली मागणी यांविषयी त्याने बोलावे. जेथे अज्ञान हाच रचनेचा घटक आहे, तेथे मौन पाळावे. अर्थनिर्णय, मूल्यमापन आणि शेवटाची चिकित्सा हे समीक्षेचे क्षेत्र. तिचा खरा वाचक चित्रपट पाहून आलेला असतो. त्याला स्वतःचा अनुभव असतो, त्यामुळे तो समीक्षकाशी वाद घालू शकतो. आपल्याकडे परीक्षण वाचले जाते ते बहुधा तिकीट काढण्यापूर्वी, आणि चित्रपट पाहून झाल्यावर ते बाजूला पडते. हा क्रम उलटला नाही, तर चित्रपटसमीक्षेला ग्राहक मिळत राहतील. संवाद करणारा सहृदय मात्र मिळणार नाही.