शेतकऱ्याचा अर्धा र

'पाबळ' हा शब्द इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहायला सोपा आहे: एच, ई, वाय आणि शिफ्ट धरून एन. ज्या कळीवर ल, त्याच कळीवर शिफ्टसोबत ळ. क-ख, प-फ यांचीही तशीच जोडी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. १९९१ च्या भारतीय मानकात, आयएस १३१९४ मध्ये, हीच मांडणी आहे आणि बंगाली असो की तेलुगू, 'क' त्याच कळीवर. इथवर मी या कीबोर्डचा चाहता आहे.

आता 'पाबळच्या शेतकऱ्यांना' लिहून बघा. ऱ्य साठी आधी शिफ्ट-जे, मग हलन्ताची डी, मग य. शिफ्ट-जे वरचा ऱ मुळात आपला नाहीच. युनिकोडच्या तक्त्यात तो द्राविडी भाषांतला र देवनागरीत दाखवण्यासाठी आहे; त्याचा अर्धा तुकडा मराठीला उसना मिळाला.

आणि आकड्यांच्या रांगेत कोण बसलंय? शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ दाबा: ज्ञ, त्र, क्ष, श्र. सगळे एका फटक्यात. खरं तर क, हलन्त, ष असं करून क्ष सहज लिहिता येतो, तरी त्याला खास शॉर्टकट. बिऱ्हाड, कुऱ्हाड, पुऱ्या, तऱ्हा मात्र मागच्या दाराने या! शॉर्टकट कुणाला द्यायचा यात भाषेबद्दलचं मत असतं, आणि इथलं मत मराठी कानाचं नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरात. आचार्यांना नमस्कार करायचा, आचाऱ्यांना पगार द्यायचा.

कळ सापडली नाही की लोक दुसरी वाट काढतात: साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर) आणि य. जुन्या मजकुराशी जुळावं म्हणून युनिकोडने हेही चालवून घेतलंय. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे, आणि युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही एक होत नाहीत. ॲ चं तेच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोड ५.१ सोबत. तोवर अ वर चंद्र चढवायचा, कधी मध्ये जोडक घालून. म्हणजे 'ॲप' चं एकच रूप, आत तीन स्पेलिंगं.

उद्या कुणी जुन्या बातम्यांत 'पाबळ, शेतकऱ्यांना, भरपाई' असं शोधेल. शोध लिहिणाऱ्याने ही दोन्ही स्पेलिंगं मुद्दाम जुळवली नसतील, तर काही बातम्या येणारच नाहीत. आणि न आलेल्या बातमीबद्दल तक्रार कोण करणार?

फोनवर सूचना येतात, मग कळा कशाला मोजायच्या, असं कुणी म्हणेल. पण दर्या आणि दऱ्या यांचं रोमन स्पेलिंग एकच. सूचनेतून बरोबर शब्द निवडला, तरी आत कोणतं स्पेलिंग गेलं ते निवडणाऱ्याला कळत नाही.

माझ्या हातात असतं तर शिफ्ट-८ वर ऱ् बसवला असता. पण 'श्री' लिहिणारे ओरडतील. मग शिफ्ट-६ घ्या. त्र काय, त, हलन्त, र असा होतोच.