सम्राट् ज्यूलियन आणि त्याचा इतिहासकार

ज्यानें पुरतीं दोन वर्षेंहि एकछत्री राज्य केलें नाहीं, त्याचें नांव सोळा शतकांहून अधिक काळ कां टिकावें? रोमचा सम्राट् ज्यूलियन इ. स. ३६१ च्या नोव्हेंबरांत साम्राज्याचा एकमेव स्वामी झाला आणि ३६३ च्या जूनमध्यें इराणच्या स्वारींत भाल्याच्या जखमेनें मरण पावला. जुन्या देवतांची उपासना पुन्हां रूढ करण्याचा त्याचा उद्योग त्याच्याबरोबरच संपला. प्रतिपक्षानें त्याला ‘धर्मत्यागी’ म्हटलें. मरतांना त्यानें ख्रिस्ताचा विजय कबूल केला, ही कथा पांचव्या शतकांत थिओडोरेटनें नमूद केली. अमिआनसच्या इतिहासांत ती नाहीं.

आमच्या मतें ज्यूलियनची कीर्ति राखली ती या अमिआनसनें. ग्रीक मातृभाषेचा, परंतु लॅटिनमध्यें लिहिणारा हा लष्करी अधिकारी त्या स्वारींत स्वतः होता. ज्यूलियनवर त्याची निष्ठा होती आणि तो ख्रिस्ती नव्हता. तथापि ख्रिस्ती शिक्षकांना साहित्य शिकविण्याची मनाई करणारा ३६२ चा हुकूम निष्ठुर असून तो कायमचा विस्मृतींत पुरावा, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. राजाचा वाचाळपणा आणि पशुबलींचा अतिरेक हेहि त्यानें झांकले नाहींत. म्हणूनच ज्यूलियनच्या संयमाची व शौर्याची त्यानें केलेली प्रशंसा आपणांस पटते. लिबानियसचीं स्तुतिपर भाषणें आजहि उपलब्ध आहेत. तीं वाचून ज्यूलियन पूज्य वाटतो, ओळखीचा वाटत नाहीं. चरित्रनायकाचे दोष लपविणें हीच भक्ति, असें मानणाऱ्या लेखकांनीं अमिआनस अवश्य वाचावा.