लिहायला लावले, शिकवले नाही

'शोधगंगा' हे प्रबंधांचे ऑनलाइन भांडार उघडावे आणि गेल्या काही वर्षांतले मराठीतले चार-दोन पीएच.डी. प्रबंध चाळावेत. पहिले प्रकरण विषयप्रवेशाचे. मग उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा. दुसऱ्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा, म्हणजे कोणी काय म्हटले याची जंत्री. शेवटी निष्कर्ष, आणि त्यात गृहीतक हमखास सिद्ध झालेले. विषय बहिणाबाईंची कविता असो की सहकारी पतसंस्था, सांगाडा एकच. खोटे ठरलेले गृहीतक मला अगदी अपवादाने भेटले.

दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे आहे, पण तो बराच जुना आहे. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाले, ते परीक्षा घेण्यासाठी. शिकवण्याचे काम कॉलेजांकडे राहिले. 1862 साली रानडे आणि भांडारकर ज्या पहिल्या तुकडीतून बी.ए. झाले, तिचीही पारख उत्तरपत्रिकेवरूनच झाली. त्याच काळात जर्मनीत इतिहासकार रांकेच्या सेमिनारमध्ये विद्यार्थी मूळ कागदपत्रांवर आधारलेले टिपण घेऊन येत आणि ते गुरू व सोबत्यांच्या तपासणीला सामोरे जाई. हार्वर्डने 1885 पासून प्रथम वर्षाला लेखनाचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात विचारापेक्षा शुद्धलेखनच जास्त तपासले गेले, हा भाग वेगळा. आपल्याकडे लेखन म्हणजे तीन तासांत संपवायची गोष्ट झाली. 'सविस्तर चर्चा करा', 'टिपा लिहा' या आज्ञांवर पिढ्या पोसल्या. तपासलेली उत्तरपत्रिका शेरे मारून परत हातात देण्याची रीत तर नव्हतीच.

त्यातून भाषेचा पेच. रानड्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली, तेव्हा कुठे एम.ए.च्या अभ्यासक्रमात देशी भाषांना जागा मिळाली. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे तत्त्व म्हणून स्वीकारले ते कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने, 1916 साली. तोवर आमचे विद्वान इंग्रजीत लिहीत होते. भांडारकरांचा दख्खनचा इतिहास इंग्रजीत आहे. केतकरांनी कॉर्नेलमध्ये जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला, तोही इंग्रजीत. पण हेच केतकर परत आले आणि त्यांनी 23 खंडांचा मराठी ज्ञानकोश उभा केला, तो विद्यापीठाच्या आश्रयाशिवाय.

मराठीतले सर्वात सकस अभ्यासपूर्ण गद्य विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर वाढले, असे माझे मत आहे. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्यांच्या प्रस्तावना वाचाव्यात. पुरावा मांडणे, प्रतिपक्षाला झोडपणे, त्यावरून एखादा धाडसी सिद्धांत उभारणे, सगळे भर सभेत बोलावे तशा भाषेत. त्यांची अनुमाने पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतात आणि व्युत्पत्ती तर कधी कधी गंमतच असते. पण लेखक कुठे उभा आहे हे वाचकाला पानोपानी कळते. प्रियोळकरांनी पाठचिकित्सेची काटेकोर शिस्त मराठीत रुजवली, ती मुख्यतः मराठी संशोधन मंडळात आणि त्याच्या पत्रिकेत. रा. चिं. ढेऱ्यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' संशोधक जितक्या गरजेने वाचतात तितक्याच ओढीने वारकरीही वाचू शकतात. वाईचे 'नवभारत' आणि 'समाज प्रबोधन पत्रिका' यांनी वाद घालायला जागा दिली. त्यांचे संपादक लेख परत पाठवत, दुरुस्त्या मागत. विद्यापीठात मिळाले नाही ते शिक्षण अनेकांना तिथे मिळाले.

मग आले नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 साली प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापणे बंधनकारक केले. पाठोपाठ प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे, गुण आले. हेतू वाईट नव्हता. पण लिहायला न शिकलेल्यांकडून छापील पाने मागितली की बाजार उभा राहतो, तसा तो राहिला. पैसे भरा, आयएसएसएन क्रमांकाचे नियतकालिक गाठा, चार पानांचा पेपर छापा. चर्चासत्राची जाडजूड स्मरणिका कोणी वाचत नाही, तिच्या लेखकांपैकीही बहुतेक नाही. 2018 च्या नियमांनी वाङ्मयचौर्याचे टक्के ठरवून दिले, 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ. परिणामी संशोधक वाक्ये उलटीसुलटी करून यंत्राला चकवायला शिकले. 2022 साली पेपर छापण्याची सक्ती उठली. सवय उठलेली नाही.

चांगले प्रबंध आजही लिहिले जातात. मार्गदर्शकाने खुणा करकरून प्रकरण तीनदा परत दिले असेल तर ते पहिल्या दहा पानांतच ओळखू येते. अशा मार्गदर्शकांची कुठे नोंद होत नाही, त्यांना गुणही मिळत नाहीत.

आता नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या 'संशोधनासह ऑनर्स' पदवीत विशीतल्या मुलामुलींनाही प्रबंधिका लिहायची आहे. त्यांच्या हाती तयार सांगाडा देण्याआधी विभागांनी एवढे तरी करावे : पहिल्याच सत्रात दोन पानांचा एक निबंध लिहून घ्यावा, शेऱ्यांसह परत द्यावा आणि तोच पुन्हा लिहून मागावा. त्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहायला नको.